महिषासुर कोणाच्या देखत मारायचा?

मारिओ, पोकेमॉन, झेल्डा. घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळाव्यात अशा या व्हिडिओ गेमच्या मालिका. त्या खेळत वाढलेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे आणि तिचं म्हणणं असं, की आम्ही मोठे झालो तसे आमचे खेळही मोठे व्हावेत. गोष्टीत दुःख यावं, मरण यावं, बऱ्यावाइटाचा गुंता यावा. काहींना तर सरळ रक्तच हवं आहे. हा वाद जपान-अमेरिकेतला वाटतो खरा, पण मला तो मोखाड्याच्या मातीत मांडायचा आहे. लहानथोरांनी एकत्र बसून बघायच्या खेळात वध दाखवावा का, या प्रश्नाला इथल्या लोकांनी फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवलं आहे.

होळीनंतरच्या दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या गावांत बोहाडा होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण, त्राटिका अशी एकेक करून येतात आणि अखेरीस जगदंबा महिषासुराला मारते. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. पूर्वी पलित्यांचा उजेड असे, आता विजेचा. पण बसणारे तेच. पुढे पोरं, मागे बाया, कडेला म्हातारी माणसं. कोणत्याही सोंगाआधी कुणी कुणाचं वय विचारत नाही.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची मी कल्पिलेले आहेत. त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत. मामा मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी करून निवृत्त झालेले गुरुजी. भाची पुण्यात गेमसाठी चित्रं काढते.

भाची : मामा, मावशीकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, आठवतो? कॅसेट घातली की मारिओ उड्या मारायला लागायचा. तो सुपर मारिओ ब्रदर्स जपानात आला १९८५ साली. तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो आज पन्नाशीला टेकला. आणि मारिओचं अजून तेच चाललंय, राजकन्या पळवली, चला सोडवायला.

मामा : मग पन्नाशीच्या माणसाने दुसरं काहीतरी खेळावं. पहिलीचा वर्ग चाळीस वर्षं पहिलीचाच राहतो. पोरं पुढे जातात, वर्ग जात नाही. जूनमध्ये नवी पोरं येतात, त्यांना तोच लागतो.

भाची : वर्ग सोडताना कुणी रडत नाही. गेमवर जीव जडतो. झेल्डाचंच सांगते. २००२ साली या मालिकेतला विंड वेकर आला. पात्रं कार्टूनसारखी, मोठ्या डोळ्यांची. जुने खेळणारे चिडले, पोरकट म्हणाले. मग २००६ साली ट्वायलाइट प्रिन्सेस आला. काळवंडलेलं राज्य, लांडगा होणारा नायक. अमेरिकेत ‘तेरा वर्षांपुढच्यांसाठी’ हा शिक्का झेल्डाच्या गेमवर पहिल्यांदा बसला तो तेव्हा. आणि गेम भरपूर खपला.

मामा : आणि तो पोरकट म्हणून हिणवलेला?

भाची : चित्रं काढणारी म्हणून खरं सांगते, आज दोन्ही शेजारी ठेवले तर तोच जास्त ताजा दिसतो.

मामा : म्हणजे चिडलेल्यांचं ऐकून जे केलं ते लवकर जुनं झालं. आणि त्या वेळी आठ वर्षांच्या पोराला कुणी विचारलं होतं का? ते कुठे पत्र लिहायला जाणार! बोलतात ते मोठे झालेलेच.

मामांचं हे म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. खेळ बदला असं सांगणारे सगळे त्या खेळातून बाहेर पडलेले असतात. जे अजून आत यायचे आहेत त्यांच्या वतीने कुणीच बोलत नाही. बाजारात याचा पुरावाही आहे, आणि तो भाचीनेच मामांच्या हाती दिला. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ साली जॉर्डन मेकनर यांनी घडवला. आपल्याकडे पहिल्या पिढीचे कॉम्प्युटर आले तेव्हा कित्येकांनी त्यावर पहिला खेळलेला खेळ हाच. २००३ साली ही मालिका ‘सँड्स ऑफ टाइम’ या नावाने नव्याने आली. एखाद्या आजीने सांगावी तशी ती गोष्ट होती. लगेच पुढच्या वर्षी ‘वॉरियर विदिन’ आला आणि तोच राजपुत्र रागीट, रक्तात माखलेला झाला. गेमवर सतरा वर्षांपुढचा शिक्का पडला. हे वळण आणि ही हिंसा आपल्याला आवडली नाही, असं मेकनर यांनी जाहीरपणे सांगितलं.

मामा : बघ. ज्याने घडवला त्यालाच तो ओळखू येईना.

भाची : ते मोठं होणं नव्हतंच, मामा. ते मिशी फुटली म्हणून शिव्या द्यायला लागलेल्या पोरासारखं होतं. २००६ साली तर बॉम्बरमॅनलासुद्धा असंच काळंकुट्ट करून आणलं. त्या गुबगुबीत, बॉम्ब ठेवत फिरणाऱ्या बाहुल्याला! तो सपाटून आपटला. मी त्याची बाजू घेतच नाही. मी म्हणते, गेमने मरणाला घाबरू नये. मला तुम्ही पाच वर्षांची असताना त्राटिकेच्या सोंगासमोर बसवलं होतं. तो मुखवटा, ते सुळे, पुढच्या पोरांवर धावून यायचं ते. बोहाडा बंद करा, पोरं घाबरतात, असं कुणी म्हणालं का?

मामा : नाही म्हणालं. पण तू बसली होतीस कुठे? आजीच्या मांडीवर. त्राटिका धावून आली की आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायचीस आणि ती पुढे गेली की परत डोकं वर. शिवाय मुखवट्यात कोण आहे ते पोरांना पक्कं ठाऊक असतं. सकाळी तोच माणूस बैल घेऊन शेतावर जाताना दिसतो. भीती असते, पण ती ओळखीच्या माणसाने घातलेली असते. आणि महिषासुर मरणार हे सगळ्यांना माहीत असतं. दरवर्षी मरतो. एखाद्या वर्षी तो जिंकला असं कधी झालं नाही.

भाची : म्हणजे तुमची हरकत भीतीला नाही, मांडी नसण्याला आहे.

मामा : फोनला मांडी नसते, पोरी. पोर एकटं असतं, कोपऱ्यात, गोधडीखाली.

भाचीने मग एका गेमची गोष्ट सांगितली. ती इथे सविस्तर देतो, कारण या साऱ्या वादाला धरून इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि तेही मुखवट्यांचंच आहे. २००० साली झेल्डा मालिकेत ‘मजोराज मास्क’ आला. त्यात एका गावावर चंद्र कोसळणार आहे, तीन दिवसांत. नायक पोरगाच आहे. त्याला वाटेत दोन वीर भेटतात. एक मेलेला, एक त्याच्यासमोर मरणारा. तो त्यांच्या जिवाला शांत करणारी धून वाजवतो आणि त्यांचं दुःख मुखवटा होऊन मागे राहतं. तो मुखवटा चढवला की पोरगा त्या वीराचं रूप घेतो. मग त्याच्या जातभाईंमध्ये गेला की ते आनंदाने पुढे येतात. आपला माणूस परत आला असं त्यांना वाटतं. तो गेला आहे हे फक्त खेळणाऱ्याला माहीत.

मामा : असं आहे त्यात? मुखवट्यात गेलेला माणूस राहतो?

भाची : हो. आणि अमेरिकेत या गेमवर शिक्का कोणता होता? सगळ्यांसाठी. रक्ताचा थेंब नाही. यातच दोन बहिणींचा गोठा आहे. थोरली आणि धाकटी, आईबाप नाहीत. शेवटची रात्र येते. मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेलं खास दूध असतं, धाकटीला ते कधी मिळालेलं नसतं. त्या रात्री थोरली म्हणते, आज तू पी, आजपासून तू मोठी. आठ वर्षांचं पोर हे बघतं आणि खूश होतं, धाकटीला मोठ्यांत घेतलं म्हणून. तिशीचा माणूस हेच बघतो आणि त्याला कळतं की थोरलीला ठाऊक आहे, उद्या उजाडायचा नाही.

मामा : (थोडा वेळ काही न बोलता) हे कुणी लिहिलं?

भाची : जपानात, निन्टेंडोत लिहिलं. त्याच मारिओवाल्या कंपनीत.

मामा : मग हे आधीच मोठं आहे. तुला आणखी काय मोठं करायचंय?

हा प्रश्न भाचीला अडचणीत टाकणारा होता. कुटुंबासाठीच्या उत्तम मालिकांमध्ये मरण आणि दुःख पहिल्यापासून आहे. १९९६ सालच्या पहिल्या पोकेमॉनमध्येच मेलेल्या पोकेमॉनसाठी उभारलेला मनोरा आहे. क्यूबोन नावाचं एक पिल्लू मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून हिंडतं, आणि गुंडांनी मारलेल्या एका आईचं भूत त्या मनोऱ्यात वाट अडवून उभं असतं. २०१० साली याच मालिकेत काही पात्रं उठून विचारतात, की या जिवांना पकडून चेंडूत कोंडायचं आणि एकमेकांशी लढवायचं, याचा आपल्याला अधिकार काय? चौदा वर्षं जो खेळ पोरं निर्धास्तपणे खेळली, त्यानेच स्वतःच्या पायाखालची फरशी उचलून पाहिली. मला हे खरं प्रौढपण वाटतं, आणि त्यासाठी वयाचा शिक्का वर चढवावा लागला नाही.

भाची मात्र एवढ्यावर थांबायला तयार नव्हती.

भाची : असे गेम अपवाद आहेत, मामा. बाकी बहुतेक वेळा ‘कुटुंबासाठी’ म्हणजे गुळगुळीत, कुणाला काही बोचणार नाही असं. आणि मी हे आपल्या पोरांसाठी म्हणते. १९९२-९३ साली वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं गेली, तेव्हा तुम्ही याच भागात शिकवत होता. ज्यांनी पाळण्यातलं भावंड जाताना पाहिलं त्यांना मरण नवीन नाही. इथलं दहा वर्षांचं पोर दिवाळीनंतर आईबापाबरोबर जगायला जातं. भिवंडीला, वसईला, वीटभट्टीवर. धाकट्याला कडेवर घेऊन तिथे दिवस काढतं. त्याला आपण असा खेळ देतो की ज्यात कुणाला लागत नाही, कुणी जात नाही, सगळं इंद्रधनुष्यासारखं. त्याला काय वाटत असेल? ही गोष्ट आपल्यासाठी नाही, असंच ना?

मामा : जगायला गेलेली पोरं माझ्या वर्गातली आहेत. होळीला परत यायची. मी त्यांना विचारायचो, काय सांगू? खेळ सांग म्हणायची. दुःख सांग असं एकही पोर म्हणालं नाही. दिवसभर ज्याने चिखल वाहिला, धाकट्याला सांभाळलं, त्याला संध्याकाळी कुणीतरी उड्या मारताना बघायचं असतं. उडी चुकली, खड्ड्यात पडला, तरी पुन्हा पहिल्यापासून. भट्टीवर पुन्हा पहिल्यापासून कुठे मिळतं? तू त्याला खोटं म्हणतेस. मला ते खोटं वाटत नाही. ते पोराच्या हक्काचं आहे.

इथे माझा कौल मामांना आहे. कष्टात वाढलेल्या मुलाला दुःखाच्या गोष्टी ‘खऱ्या’ म्हणून द्याव्यात, ही कल्पना बहुतेकदा सुखात वाढलेल्यांची असते. हसरा खेळ ही गरिबाच्या पोराला दिलेली भूल नव्हे. पण याचा अर्थ त्याला फक्त हसराच खेळ द्यावा असाही होत नाही. त्याच पोराला बोहाड्यातल्या नरसिंहाचं सोंग आवडतं, आणि नरसिंह काय करतो ते आपण सगळे जाणतो.

मग गोष्ट फोनवर आली. इथल्या घरांत गेमचा कन्सोल नसतो. फोन असतो, बहुधा एकच. बाप भट्टीवर असला की तोच फोन बोलायला, तोच पैसे मागवायला, तोच पोरांना खेळायला.

मामा : तू वयाचे शिक्के सांगतेस. आमच्याकडे शिक्का कोण बघतो? सातवीतला भाऊ फ्री फायर खेळतो, दुसरीतली बहीण त्याच्या खांद्यावरून बघते. सरकारने २०२० साली पबजी बंद केला, २०२२ साली फ्री फायर बंद केला. पोरांनी काय केलं? त्याचाच भाऊ, फ्री फायर मॅक्स, उतरवून घेतला.

भाची : आणि पबजीच्या जागी २०२१ साली भारतासाठी वेगळा आला, बीजीएमआय. त्यात रक्त लाल नाही, हिरवं दाखवलं. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांचं बंधन घातलं.

मामा : हिरवं? गोळी तीच, माणूस तोच पडणार, रंग तेवढा बदलायचा? आणि पोरांना ते लहान मुलांसाठी केलं असं वाटायचं? पोरं इतकी भोळी नसतात.

भाची : हे जुनंच आहे. १९९३ साली मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम घरच्या कन्सोलवर आला. निन्टेंडोने रक्ताच्या जागी घाम दाखवला. सेगाच्या कन्सोलवर ठरावीक बटणं दाबली की रक्त दिसायचं. सेगाचा जास्त खपला. अमेरिकेच्या सिनेटमध्ये चौकशी झाली, तिथून १९९४ साली वयाचे शिक्के देणारं मंडळ निघालं. आणि त्याच वर्षी आलेल्या पुढच्या भागात निन्टेंडोनेसुद्धा रक्त राहू दिलं.

मामा : म्हणजे प्रौढ व्हायचं की नाही हे खपावर ठरलं.

भाची : बऱ्याचदा खपावरच ठरतं.

मामा : मग माझं ऐक. ज्या घरात एकच फोन आहे तिथे सहा वर्षांच्या पोरीला आणि साठीच्या आजीला, दोघींना चालेल असाच खेळ लागतो. शहरात ज्याची त्याची स्क्रीन वेगळी, तुम्हाला कुटुंबाचा खेळ म्हणजे एक आवड. आमच्या घराची रचनाच तशी आहे. जुन्या नावाच्या खेळात एके दिवशी भलतंच काही आलं तर आईला कळणार कसं? ती नावावर भरवसा ठेवून फोन देते. मारिओ आहे ना, मग घे.

मालिका बदलायला माझा स्वतःचा जो विरोध आहे तो या भरवशापायीच आहे. नाव जुनं ठेवायचं आणि आतला माल बदलायचा, यात त्या आईची फसवणूक आहे. ज्यांना प्रौढ गोष्ट सांगायची आहे त्यांनी नवं नाव घ्यावं, नव्याने विश्वास कमवावा. असं करणारे आपल्याजवळही आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात, दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते आणि ती महाबलासुरापर्यंत पोचते. मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितल्या आहेत, आणि सांगणारे कोण, तर स्वतः दुर्गा आणि विष्णू.

मामा : हे आवडलं मला. बहीण भावाला शोधते. आणि सांगायला देवी बरोबर आहे म्हणजे पोर एकटं नाही.

भाची : मांडी म्हणत होता ना तुम्ही? ती अशी गेमच्या आत बांधता येते. कुणीतरी सोबतीला ठेवायचं, सांगणारं, धीर देणारं. मग मरणसुद्धा दाखवता येतं.

मामा : मग बोहाड्याचा का नाही करत कुणी?

भाची : करतील. पण मुखवटे तेवढे उचलून नेतील, अशी मला भीती वाटते. जव्हारचे कारागीर मुखवटा घडवतात ते वर्षानुवर्षं हात बसवून. त्यांना मोबदला मिळाला पाहिजे, त्यांचं नाव आलं पाहिजे. आणि सोंग नाचवण्याआधी मुखवट्याची पूजा होते, तो मुखवटा नुसता ‘स्किन’, म्हणजे गेममधल्या पात्राचा वेश म्हणून विकायला काढला तर गावाला चालेल का?

मामा : नाही चालणार. गावाला विचारूनच करावं लागेल. बरं, त्या शिक्क्याचं सांग. गेम उतरवायच्या दुकानात काय लिहिलेलं असतं?

भाची : आकडा असतो. तीन, सात, बारा, सोळा, अठरा. जोडीला दोन-चार शब्द. हिंसा, भीतीदायक दृश्यं, असं.

मामा : हिंसा तर बोहाड्यातही आहे. त्या शब्दावरून आईला काय उमगणार? गोष्टच लिहा ना सरळ. यात एका पिल्लाची आई मेलेली आहे. रक्त दिसत नाही. पिल्लू रडतं, मग त्याला आसरा मिळतो. एवढं मराठीत लिहा, आणि वाचता येत नसेल तिच्यासाठी बोलून ऐकवा. ती ठरवेल, आपल्या पोरीला आज द्यायचं की दोन वर्षांनी.

भाची : शेवट आधीच सांगून टाकायचा? कुठलाही गेमवाला तयार होणार नाही.

मामा : महिषासुर मरणार हे कुणाला ठाऊक नसतं? तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात ना!

भाची : ठीक आहे. मी आता ज्या गेमची चित्रं काढतेय, तिथे हे मांडून बघते. पण मग त्या गेममधली आई मी मारणार, मामा. ते तुम्ही अडवायचं नाही.